माझ्या हातचं

नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या दोन खोल्यांची मागची भिंत आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामाची भिंत एकच होती. आमची सकाळ व्हायची ती ट्रक मागे घेणाऱ्या क्लीनरच्या ओरडण्यानं. ‘आन दे, आन दे, आन दे… बस्स!’ आणि मग ट्रकच्या पाठीवर एक थाप. ती थाप भिंतीतून आमच्या फळीवरच्या डब्यांपर्यंत पोचायची आणि डबे एकमेकांना लागून वाजायचे. पाहुणे दचकायचे, आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उलट सणाला गोदाम बंद असलं की घर मुकं झाल्यासारखं वाटायचं. बाबा त्याच गोदामात मुकादम होते. दिवसभर इंजिनांच्या वरून बोलायची सवय, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज त्याच पट्टीत असायचा. त्यांनी जेवताना मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. रविवारी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते बुद्धवंदना म्हणायचे, तेव्हा पलीकडे माल उतरवणारे हमालसुद्धा जरा वेळ गप्प राहायचे. बाबांच्या वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली होती, आणि त्या दिवशी घरातले देव कसे बाहेर गेले, आजोबा कसे सरळ मानेनं चालत परत आले, हे बाबा आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटे. दाराशी एक मोठा माठ असायचा. पंजाबी ड्रायव्हर, बिहारी क्लीनर, मोमिनपुऱ्यातले हमाल, कोणीही येऊन त्यातलं पाणी प्यायचं. बाबा म्हणायचे, ‘हा माठ पाहून ठेव पोट्टे. याचं पाणी कोणालेबी चालते.’

आई धरमपेठेतल्या एका प्रसूतिगृहात आया होती. बाळंतिणींची उठबस, रक्ताचे कपडे, बाळांची दुपटी, खोल्यांची सफाई, सगळं तिच्याकडे. संध्याकाळी सिटी बसनं ती घरी यायची तेव्हा तिचे केस ओले असायचे आणि अंगाला फिनेलचा वास यायचा. आल्या आल्या, पाठ न टेकता, ती चुलीपाशी बसायची. आम्ही काही फार खाणारे नव्हतो, पण जे होतं ते तिच्या हातून फार चवीचं व्हायचं. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, हिवाळ्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, कधी पाटवड्या आणि त्यांच्याबरोबर नाक गाळायला लावणारा रस्सा. आणि पौर्णिमेला लांब पोळ्या. ज्यांनी त्या होताना पाहिल्या नाहीत त्यांना सांगून पटत नाही. कणीक इतकी सैल भिजवायची की ती हातात ठरत नाही, मग तिला परातीत आपटून आपटून लवचीक करायची. तिचा गोळा दोन्ही तळहातांवर, मग मनगटांवर, मग कोपरापर्यंत झुलवत झुलवत लांबवायचा, आणि धोतराच्या पदरासारखा पातळ झाला की चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. सगळी पोळी हातावरच होते. आईच्या लांब पोळ्यांसाठी वाडीतल्या चार घरच्या बायका आम्हाला लग्नकार्यात आग्रहानं बोलवायच्या. तिचे हात तेव्हा मला जगातले सगळ्यांत हुशार हात वाटत. त्याच हातांपासून मी पळायला लागले, त्या वर्षाची ही गोष्ट आहे.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी मला वसुधा नावाची मैत्रीण मिळाली. गोरी, बडबडी, हसताना तोंडावर ओढणी धरणारी. आम्ही एका बाकावर बसायचो, एकमेकींचा डबा खायचो. एके दिवशी ती मला तिच्या घरी घेऊन गेली. अंगणात पेरूचं झाड होतं, झोपाळा होता. तिच्या आजीनं मला हाताला धरून आत नेलं, चिवडा दिला, चहा दिला. कपाला निळी फुलं होती. मग त्यांनी सहज विचारलं, राहता कुठं, आडनाव काय, वडील काय करतात, आई काय करते. आमचं आडनाव त्यांच्यातही आणि आमच्यातही सापडणारं, त्यामुळे त्या थोड्या घोटाळल्या. ‘आई दवाखान्यात आहे,’ मी म्हटलं. ‘नर्स?’ ‘नाही, आया.’ त्या ‘हं’ म्हणाल्या, आणखी चिवडा घे म्हणाल्या, हसल्यासुद्धा. निघताना मी फाटकातून मागे वळून पाहिलं. माझा कप पेरूच्या झाडाखाली, बाकीच्या भांड्यांपासून दूर, राख लावून पालथा ठेवलेला होता. वसुधानं तो पाहिला की नाही मला कळलं नाही. कोणी काही बोललं असतं तर मला भांडता आलं असतं. बाबांनी आम्हाला भांडायचं कसं ते नीट शिकवलं होतं. पण राख लावलेल्या कपाशी कसं भांडायचं ते त्यांनी शिकवलं नव्हतं.

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. बाबांना सांगण्यात तर अर्थच नव्हता. ज्या घरात ‘आता मान खाली घालायची नाही’ हे रोजच्या वरणासारखं वाढलं जातं, तिथं आपली मान खाली गेली हे सांगणंच मला लाजेचं वाटलं. काही दिवसांनी वसुधाला वही द्यायच्या आधी मी हात धुऊन आले. दुसऱ्या दिवशीही. मग बसमध्ये सुटे पैसे द्यायच्या आधी रुमालानं हात पुसू लागले, कॉलेजच्या नळावर जाऊ लागले, घरी मोरीत बसून राहू लागले. साबणानं समाधान होईना तेव्हा भांड्यांची पावडर घेतली. धुताना वाटायचं, आता झालं. उठले की वाटायचं, नखाच्या कडेला राहिलंच असेल. काय राहिलं असेल, ते मला सांगता आलं नसतं. आईच्या कपड्यांना दवाखान्यातलं काही लागलं असेल, ते आईच्या हाताला, तिच्या हातून भाकरीला, भाकरीतून मला, आणि माझ्या हातातून ज्याला ज्याला मी स्पर्श करीन त्याला. माझ्या डोक्यात ही साखळी दिवसभर फिरायची. शेजारच्या घरचं तान्हं मूल माझ्याकडे झेपावलं तर मी हात पाठीमागे बांधून घ्यायची. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, त्यातून रक्त येऊ लागलं, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं.

माझी भाची परवा हुडकेश्वरच्या आमच्या घरी आली होती. कपाटातल्या साड्या रंगाप्रमाणे लावता लावता म्हणाली, ‘आत्या, मला ना थोडा ओसीडीच आहे.’ मी हसले. तो शब्द आज पोरीबाळींच्या तोंडी इतका सहज आहे याचा मला खरं तर आनंदच होतो. आमच्या घरी त्याला शब्दच नव्हता. शेजारणींकडे दोन होते, ‘बाहेरचं’ आणि ‘पागल’. पहिला बाबांनी दाराबाहेर ठेवला, अंगारेधुपारे आमच्या उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याला ते घाबरत होते. मुलीच्या नावापुढे तो शब्द एकदा लागला की काय होतं, ते त्यांनी आजूबाजूला पाहिलेलं होतं.

आईला आधी कळलं. मी तिच्या हातचं खाईनाशी झाले होते. भाकर ती थापायच्या आत मी माझी वेगळी भाजून घ्यायची, पाण्याचा तांब्या वेगळा ठेवायची. ‘परीक्षा आहे, घाई आहे,’ असं काहीतरी सांगायची. एका संध्याकाळी तिनं माझ्या ताटात भाकर वाढली आणि मी ताट मागे ओढलं. भाकर जमिनीवर पडली. आईनं ती उचलली, फुंकर मारली, आपल्या ताटात घेतली. मग शांतपणे म्हणाली, ‘माह्या हातचं काहून नाई खात वं तू?’

मी हात पाठीमागे घेतले.

‘मले वास येते का?’

मी रडायला लागले. तिनं जवळ यायला हात पुढे केला आणि मी भिंतीला चिकटले. तिचा हात तसाच मध्ये राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि बाबा गोदामात गेल्यावर मला म्हणाली, ‘चाल, हात दाखवून येऊ.’

कातडीच्या डॉक्टरांनी माझे हात उलटसुलट पाहिले आणि मलम लिहून दिलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, ‘किती धुतेस, बेटा?’ इतक्या हळू विचारलं की मी खरं सांगितलं. त्यांनी आईला दुसऱ्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला. ‘ते मनाचे डॉक्टर आहेत,’ असं सांगून पुढे म्हणाले, ‘पण दवाखाना चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. कोणी पाहिलं तर चष्म्याला आलो म्हणायचं.’ ती जागा त्या डॉक्टरांनी मुद्दाम घेतली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. खाली काउंटरवर माणसं फ्रेम लावून आरशात बघत उभी असायची आणि त्यांच्या मागून, नजर चुकवत, आमच्यासारखे लोक जिना चढायचे. उतरताना काही जण एखादी फ्रेम हातात घेऊन बघितल्यासारखं करायचे. आईनंही एकदा केलं. माणसांना लाज घेऊनच यावं लागतं हे ज्यानं ओळखलं आणि त्या लाजेलाही एक जिना दिला, त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना ते आवडेल की नाही ठाऊक नाही. उंच, थोडे वाकलेले, शुद्ध मराठी बोलणारे. आईला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि मला आत घेतलं. मी हाताबद्दल सांगितलं. त्यांनी मायेनं विचारलं, ‘घरी सोवळंओवळं फार आहे का? आजी वगैरे?’

मी मान हलवली, हो म्हणून. का हलवली? त्या मानेबरोबर पुढचे सगळे प्रश्न टळणार होते म्हणून. वस्ती कोणती, आई काय करते, यातलं काहीही मग सांगावं लागणार नव्हतं. आणि क्षणभर, ज्या घरात सोवळं पाळतात तशा घरची मुलगी होऊन बसणं किती आरामाचं वाटलं, हे मी आता या वयात लिहू शकते. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सराव दिला. चपलेच्या तळाला हात लावायचा आणि तसंच बसून राहायचं, धुवायचं नाही. मी लगेच लावला. पायपुसण्याला लावला, जिन्याच्या कठड्याला लावला. ते आश्चर्यानं म्हणाले, ‘अरे, तू तर फार धीट आहेस!’ मला चपलेची भीती नव्हतीच. घरी आले की पुन्हा मोरीत. असे कितीतरी आठवडे गेले. गोळ्यांनी झोप जरा बरी येऊ लागली, पण हात तसेच राहिले, आणि आईच्या आणि माझ्यामधलं ते हातभर अंतरही.

मग एके दिवशी डॉक्टर मला सोडायला दारापर्यंत आले आणि बाकावरच्या आईला म्हणाले, ‘बाई, घरी आजींना सांगा, सोवळं जरा सैल करा. मुलीला त्रास होतोय.’

आईनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘कोणती आजी?’

डॉक्टर गोंधळले. आई उठून उभी राहिली. पदर सावरला. ‘माही सासू मरून जमाना झाला, साहेब. अन् सोवळं? आमच्या घरी सोवळं कोण पाळणार? आमच्यापासून लोक सोवळं पाळत होते.’

खालून चष्म्याच्या काचा घासायच्या यंत्राचा आवाज येत होता. मला जमिनीत जावंसं वाटलं. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथं वसुधाच्या आजीचं ते ‘हं’ येईल याची वाट बघत होते. ते म्हणाले, ‘माझं चुकलं, बाई. मी विचारलं नाही, धरून चाललो. आत या. बसा.’

आई आत आली, पण बसेना. तिच्या दवाखान्यात आया डॉक्टरांसमोर बसत नसत. डॉक्टरांनी स्वतः खुर्ची ओढून माझ्या शेजारी ठेवली आणि ती बसेपर्यंत तेही उभे राहिले. मग आई बोलायला लागली. ती एवढं बोलू शकते हे मलाही माहीत नव्हतं. आपण कुठं काम करतो, काय काय उचलतो, सगळं सांगितलं. ‘मीबी धुते, साहेब. ड्युटी सुटली का तिथंच मोरीत नळाखाली बसते, डोक्यावरून पाणी घेते, मंग बस पकडते. लेकरांले वास नको यायले म्हणून. पोट्टीनं माह्याकूनच घेतलं का हे?’

तिचे ओले केस मी इतकी वर्षं पाहत होते. ते ओले का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

‘नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘तुम्ही धुता, ते संपतं, आणि तुम्ही घरी जाऊन स्वयंपाक करता. हिचं धुणं संपत नाही. तुमचं काम आहे, हिचा आजार आहे.’ मग ते माझ्याकडे वळले. ‘मी तुला चुकीचं विचारत होतो. आता नीट विचारतो. तुझ्या हाताला काही लागेल याची तुला भीती वाटते, की तुझा हात कुणाला लागेल याची?’

कोणी मला असं विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. ‘दुसरं,’ मी म्हटलं, आणि मग तो कप, ती राख, ते पेरूचं झाड सगळं बाहेर आलं. आई ऐकत होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘हे बघ. तो कप तसा ठेवला हा त्या घराचा दोष आहे. आणि हे धुणं हा तुझा आजार आहे. दोन्ही एकमेकांत गुंतलेत, पण एक नाहीत. पहिल्याचं औषध माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे.’

परत येताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत बसली होती. अमरावती रोडला लागल्यावर अचानक म्हणाली, ‘कप हातून फुटला असता तं बरं झालं असतं.’ मला हसू आलं. तिलाही आलं. कितीतरी महिन्यांनी आम्ही एका सीटवर खांद्याला खांदा लावून हसत होतो.

डॉक्टरांनी बाबांना आणायला सांगितलं होतं. संध्याकाळी जेवताना आईनं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता भिंती हलतील. बाबांचा घास हातातच राहिला. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हळू आवाज ऐकला. ‘पागलाच्या डॉक्टरकडे नेलं तू तिले?’

‘नेलं.’

‘माह्या बापानं सारं टाकून देल्लं. घरातले देव देल्ले, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, गाव सोडलं. अन् हे माह्या पोट्टीच्या हाताले कुठून लागलं वं, शेवंता?’

आई म्हणाली, ‘तुमी टाकलं. लोकाईनं कुठं टाकलं?’

बाबा हात धुऊन बाहेर माठापाशी जाऊन बसले. बराच वेळ आत आले नाहीत. पलीकडे एक ट्रक लागत होता, क्लीनर ओरडत होता, बाबा त्याच्याकडे बघतही नव्हते. आत आले तेव्हा माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझे हात बघायला मागितले. मी ते पुढे केले, पण त्यांना स्पर्श करू दिला नाही. ते चिरांकडे बघत राहिले. ‘म्या तुले सांगतलं, मान वर ठेव,’ ते म्हणाले. ‘मान खाली गेली तं घरी येऊन सांगायचं, हे सांगाचं राह्यलं.’

पुढच्या वेळी ते आमच्याबरोबर आले. रविवारचा पांढरा सदरा घातला होता. दुकानात गर्दी होती. आई सवयीनं मागच्या बाजूनं जिन्याकडे सरकली. बाबा मात्र थेट काउंटरवर गेले आणि त्यांच्या त्या गोदामातल्या आवाजात म्हणाले, ‘भाऊ, वरतं मनाचे डॉक्टर बसतात ना? पोरीले दाखवाचं आहे. जिना कोणीकडून?’ आरशात बघणारी सगळी माणसं वळली. दुकानदारानं घाईघाईनं जिना दाखवला. आम्ही चढलो. मागे एक म्हातारे गृहस्थ फ्रेम हातात धरून उभे होते. त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि आमच्या मागोमाग तेही सरळ जिना चढून आले. वर बाकावर बाबांच्या शेजारी बसले. दोघं पावसापाण्याचं बोलत राहिले.

सराव आता वेगळा होता. कुणाला तरी न धुतल्या हातानं काहीतरी द्यायचं. आधी बाबांना पाण्याचा पेला. मग आईच्या केसांना तेल. मग तिच्या हातची भाकर, तिच्या हातून माझ्या तोंडात. पहिल्या दिवशी तो घास गिळायला मला जितका वेळ लागला, तितक्यात आईनं सगळा स्वयंपाक उरकला असता, पण ती हात धरून बसून राहिली. गोळ्या चालू होत्याच. डॉक्टर सांगायचे, विचार येतील, त्यांना हाकलायचं नाही, त्यांचं ऐकून उठायचंही नाही. आईनं हे तिच्या भाषेत घेतलं. ‘येऊ दे. बसन थोडा वेळ अन् जाईन.’

आणि पौर्णिमेला लांब पोळ्या. ही कल्पना आईची. डॉक्टरांना तिनं विचारलं तेव्हा ते आधी हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, ‘याहून चांगलं मला सुचलं नसतं.’ अट एकच, सुरुवातीला कुठलीही बाई स्वयंपाकाला बसताना धुते तसे हात धुवायचे, मग शेवटच्या पोळीपर्यंत उठायचं नाही. गोदामातले बाबांचे सोबती जेवायला येणार होते. चूल धगधगत होती, मडकं तापलं होतं, कणीक हातावर आली. एवढी माणसं. सगळ्यांच्या पोटात माझे हात जाणार. पहिली पोळी फाटली, दुसरी मडक्यावर गोळा होऊन पडली. मी मोरीकडे बघितलं. आई शेजारी बसून माझ्या कोपराखाली आपला हात धरून होती. ‘विचार येऊ दे,’ ती म्हणाली, ‘पोळी फाटू देऊ नको.’ घामानं, धुरानं, रडण्यानं माझा चेहरा काय झाला असेल कोण जाणे. पण नंतरची एक पोळी मनगटावरून कोपरापर्यंत उतरली, पलीकडचं दिसेल इतकी पातळ, आणि मडक्यावर न सुरकुतता पसरली. बाहेर पंगत बसली होती. आईनं वाढता वाढता जाहीर केलं, ‘आज पोट्टीच्या हातच्या आहेत.’ माणसं जेवली. पोळी रश्शात बुडवून, बोटं चाटून. मी पडद्याआडून एकेकाचा चेहरा बघत होते. दुसऱ्या दिवशीही कोणी आजारी पडल्याची बातमी येते का म्हणून कान भिंतीला लावून होते. बातमी आली ती एवढीच, की एका हमालानं बाबांना विचारलं, उरल्या असतील तर डब्यात मिळतील का.

एका पौर्णिमेनं माणूस बरा होत नाही. मला पुष्कळ दिवस लागले, मध्ये पुन्हा घसरलेही. वसुधा एकदा मला शोधत वाडीला आली, माठातलं पाणी प्यायली, आणि मी तिला कपाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘मी पाहिला होता गं. बोलले नाही.’ आमची मैत्री राहिली. तिच्या घरी मी पुन्हा गेले नाही, ती आमच्याकडे येत राहिली. ते असंच बरं होतं. पुढे मी शिक्षिका झाले, नरखेड तालुक्यातल्या शाळांत वर्षानुवर्षं शिकवलं. कधी एखाद्या पोराच्या पोटात सारखं दुखायचं, एखाद्या पोरीला वर्गात दरदरून घाम यायचा, आणि आईबाप दाराशी उभे राहून ‘काही नाही जी, कमजोरी आहे’ म्हणायचे. मी त्यांना आत बोलवायची, खुर्ची द्यायची आणि आधी विचारायची. धरून चालायचं नाही, एवढं मी त्या जिन्यावर शिकले होते. तो आजार माझ्यातून पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. थकले, कुणाचं दुखणं काढलं, की नखाच्या कडेला अजून काहीतरी असल्यासारखं वाटतं. पण मी त्याला ओळखते. तोही आता म्हातारा झालाय.

कॉलेजच्या त्या पहिल्या वर्षाच्या शेवटी, परीक्षा संपल्यावर, मी पहिल्यांदा आईच्या दवाखान्यात गेले. तिला सुट्टी होणार होती, दोघींना बर्डीच्या बाजारात जाऊन कापड घ्यायचं होतं. दाराशी बसलेल्या बाईनं विचारलं, ‘कोणाकडे आलात?’ मी म्हटलं, ‘शेवंताबाई इथं आया आहेत ना, मी त्यांची मुलगी.’ एवढंच वाक्य. ते तोंडातून सरळ बाहेर आलं आणि काहीही पडलं-मोडलं नाही. त्या बाईचा चेहरा उजळला. ‘शेवंताबाईची का? जा ना, सरळ जा, उजव्या हाताला!’

आई एका बाळंतिणीजवळ होती. नुकतंच जन्मलेलं बाळ तिनं दुपट्यात गुंडाळलं होतं, एका हातानं त्याचं डोकं पेललेलं, दुसऱ्या हातानं बाळंतिणीच्या पाठीखाली उशी सारत होती. मला पाहून तिनं भुवया उंचावल्या, हसली आणि बाळंतिणीला म्हणाली, ‘ही माही पोट्टी. कॉलेजात शिकते.’ ती बाई थकलेल्या आवाजात म्हणाली, ‘मग द्या ना तिच्याकडे जरा, तुम्ही मला उठवा.’

माझे हात आपोआप पाठीमागे गेले. आईनं ते पाहिलं. तिनं ‘राहू दे’ म्हटलं नाही. कोपऱ्यातल्या नळाकडे हनुवटीनं खूण केली.

‘जा, हात धुऊन ये.’

इथं येणारा प्रत्येक जण धुतो तसे मी साबण लावून हात धुतले. पाणी बंद केलं. पुन्हा नळाकडे हात गेला तेव्हा मागून तिचा आवाज आला, ‘झाले. पुरे.’ मी वळले, तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केले. आईनं ते बाळ माझ्या तळहातांवर ठेवलं. ते जरा चुळबुळलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि झोपून गेलं.